अडतीसपैकी अडतीस

पूल बंद होऊन त्या रविवारी सत्तर दिवस झाले, आणि त्या सत्तर दिवसांत पहिल्यांदाच घरातलं दुपारचं जेवण कुणाचाही आवाज न चढता पार पडलं. थोरल्या जाऊबाईंनी दोनदा आग्रह केला, दादांनी दोन्ही वेळा ताट पुढे केलं. हात धुताना मधलीने, म्हणजे मधल्या भावाच्या बायकोने, आरशात पाहिलं तर ती स्वतःच्याच नकळत हसत होती. तिने लगेच तोंड पुसलं. निर्णय अजून व्हायचा होता.

निर्णय घरात होत नसत, मागच्या कारखान्यात होत. तिथे कातडं कापायचं लांब टेबल होतं आणि त्याच्याभोवती प्रत्येकाची जागा ठरलेली. उजेडाच्या टोकाला दादा, म्हणजे थोरला भाऊ. त्यांच्या शेजारी मधलीचा नवरा, ज्याला सगळं घर मुनी म्हणे, कारण शिवणयंत्रावर बसला की तो दिवसभरात चार वाक्यं बोले आणि त्यातलं एक दोरा संपल्याचं असे. समोर जाऊबाई, ज्या पुढचं दुकान सांभाळत. धाकटी नणंद दवाखान्यातली ड्यूटी संपवून थेट आली होती; ती नर्सबाई. तिने येताच खुर्चीवर पाय घेऊन बसल्याबद्दल दादांचं रोजचं बोलणं खाल्लं आणि पाय तसेच ठेवले. मधली दाराजवळच्या स्टुलावर बसली, मांडीवर जाडजूड फाईल घेऊन. अठरा वर्षं ती याच स्टुलावर बसत होती.

सासऱ्यांनी घालून दिलेली घडी अशी होती: पुढे दुकानात साधे जोडे विकायचे, आणि त्यांच्या जिवावर मागे अशा लोकांसाठी मापाच्या चपला करायच्या ज्यांच्या पायांना काही जाणवत नाही. कुणाच्या नसा मधुमेहाने गेलेल्या, कुणाच्या दुसऱ्या आजाराने. अशा माणसाला चपलेत खडा शिरलेला कळत नाही, संध्याकाळी मोजा रक्ताने भिजलेला दिसला की मग कळतं. म्हणून तळपायाचा छाप घ्यायचा, भार कुठे जास्त पडतो ते बघायचं, आणि नेमक्या त्या जागी चपलेतल्या सुखतळ्याला, म्हणजे आतल्या सुट्या रबरी तळाला, आरपार भोक पाडून त्यात मऊ रबराची चकती बसवायची. भार आजूबाजूला वाटला जातो, जखम भरते, पाय वाचतो. दादा गेली तीस वर्षं हेच करत होते. आलेल्या माणसाचा पाय मांडीवर घ्यायचे, डोळे मिटून अंगठ्याने चाचपायचे. हातात पाय घेतल्याशिवाय चप्पल होत नाही, असं त्यांचं म्हणणं होतं, आणि त्यांचं म्हणणं खोटं ठरवेल असं तोवर काही घडलं नव्हतं.

मग पुलाचा एक खांब खचला. येणाऱ्यांपैकी दोन तृतीयांश लोक नदीच्या पलीकडच्या काठावरचे. आता होडीने यायचं तर तासभर रांगेत उभं राहावं लागे, आणि पायाला जखम असलेल्या माणसाला तासभर उभं राहायला सांगणं म्हणजे आजार वाढवून मग औषध देणं. तीन आठवडे मागची खोली सुनी पडली. दादा हत्यारांना धार लावत बसले. सगळ्या हत्यारांना लावून झाल्यावर त्यांनी जाऊबाईंच्या स्वयंपाकघरातल्या सुऱ्यांना धार लावली, आणि जाऊबाईंनी पहिल्याच दिवशी बोट कापून घेतलं. तेव्हा मधलीने पाकिटाची कल्पना काढली.

पाकिटात एक मोठा पांढरा कागद, एक कार्बन आणि सूचनांचं पान. कार्बन जमिनीवर शाईची बाजू वर करून ठेवायचा, त्यावर कागद, कागदावर पाय. पायाला शाई लागत नाही. छाप कागदाच्या खालच्या अंगाला उमटतो आणि वरचं अंग कोरं राहतं, त्यामुळे जखम ओली असेल तर तिथे डाग दिसतो. हा वरच्या अंगाचा विचार नर्सबाईचा. लग्नाआधी मधली पाणी तपासायच्या प्रयोगशाळेत सहा वर्षं होती. तिने नऊ प्रकारचे कागद आणून स्वतःच्या पायाचे छाप घेतले, भिंगातून पाहिले आणि सगळ्यांत स्वच्छ छाप देणारा निवडला. दादांनी ते पाकीट हातात घेतलं, उलटसुलट केलं आणि भावाला म्हणाले, "तिला सांग, हे पोस्टाचं काम आहे, चांभाराचं नाही." ती तेव्हा दोन हातांच्या अंतरावर उभी होती. दादा तिच्याशी थेट बोलत नसत. राग नव्हता, सवय होती. अठरा वर्षं सगळा पत्रव्यवहार मुनीमार्फत चालला होता, आणि मुनी अर्धा निरोप गाळूनच देई.

जाऊबाईंनी मात्र तिची बाजू उचलून धरली. दुकान ओस पडलं होतं, त्यांनाही हाताला काम हवं होतं. त्यांनीच पत्ते काढले, पाकिटं भरली, फोन केले. आणि गेल्या अकरा दिवसांत अडतीस जोड होडीने पलीकडे गेले होते. आणखी सोळा खोक्यांत भरून दाराशी तयार होते, उद्या सकाळच्या होडीने जायला.

दादांनी घसा साफ केला. ते म्हणाले की त्यांनी या गोष्टीला विरोध केला होता, तो सगळ्यांनी ऐकला होता, तेव्हा आता हेही ऐकावं. त्यांना वाटलं होतं निम्मे जोड परत येतील. एरवी, माणूस समोर बसून माप दिलं तरी चाळिसात पाच-सहा जोड दुरुस्तीला येतातच. या अडतिसातला एकही आला नाही. "तेव्हा तिला सांग," ते मुनीकडे वळून म्हणाले, "पूल झाला तरी पाकीट चालू ठेवायचं. लांबच्या गावांना पण पाठवायचं. माझी ना नाही."

जाऊबाईंनी मधलीकडे वळून डोळे मिचकावले. नर्सबाई म्हणाली की हा दिवस भिंतीवर लिहून ठेवायला हवा, दादांची ना नाही म्हणजे काय चेष्टा आहे. मुनीने बायकोकडे पाहून मान हलवली. त्याच्या हिशेबाने ते भाषणच होतं. मधलीला कानाच्या पाळ्या गरम झालेल्या जाणवल्या. सुख असं शरीरात एका ठिकाणी सापडतं याची तिला गंमत वाटली.

दादा खुशीत होते. त्यांनी हात लांब करून फाईल मागितली आणि एकेक कागद उलटत चालले. प्रत्येक कागदाच्या कोपऱ्यात पेशंटने छापाच्या बाजूला लिहिलेलं होतं, 'डावा' किंवा 'उजवा'. प्रत्येक शब्दावर दादांच्या लाल पेन्सिलीची रेघ, आणि खाली त्यांच्या टपोऱ्या अक्षरात दुरुस्ती. हा सासऱ्यांचा नियम: पेशंटच्या डाव्या-उजव्यावर जायचं नाही, समोरासमोर बसलं की माणूस हमखास गोंधळतो, अंगठा कुठल्या अंगाला आहे ते छापात बघायचं आणि त्यावरून ठरवायचं.

"पलीकडच्या शाळांमध्ये डावा-उजवा शिकवत नाहीत वाटतं," दादा म्हणाले.

"एकालाही येत नाही," मुनी म्हणाला.

सगळे हसले. मधलीही हसली, आणि हसता हसता थांबली.

एकालाही नाही. तिने मनातल्या मनात कागद मोजले, गरज नसताना. अडतीस जणांचे शहात्तर कागद, शहात्तर लाल रेघा. गोंधळलेला माणूस अंदाजाने लिहितो, आणि अंदाजाने लिहिणाऱ्याचं निम्म्या वेळा बरोबर येतं. अडतीसच्या अडतीस चुकायचे असतील, तर त्या सगळ्यांना बरोबर काय ते पक्कं ठाऊक असायला हवं. प्रयोगशाळेतले तिचे साहेब म्हणत, निकाल फार स्वच्छ आला की आधी बाटली तपासा. तिने बाटली तपासली. छाप कागदाच्या खालच्या अंगाला. कागद उलटा करून, छाप वर आणून, दादा तो नेहमीसारखा वाचतात. कारखान्यातल्या शाईच्या गादीवर छाप वरच्या अंगाला येतो, तो उलटावा लागत नाही. हा उलटवावा लागतो. आणि उलटवलेला डावा पाय उजव्यासारखा दिसतो.

डाव्या अंगठ्याखाली जखम असलेल्या माणसाला आपण उजव्या चपलेत मऊ चकती दिली होती. डाव्या जखमेखाली सपाट, कडक रबर होतं. आणि तक्रार एकही नव्हती, कारण तक्रार करायला आधी काहीतरी जाणवावं लागतं.

पुढचं अर्धं मिनिट तिला नंतर पुष्कळदा आठवलं. दादा कागद लावत होते. जाऊबाई लांबच्या गावांची नावं बोटांवर मोजत होत्या. अठरा वर्षांत या टेबलावर तिचं म्हणणं पहिल्यांदा मान्य झालं होतं आणि त्याला अजून पाच मिनिटंही झाली नव्हती. उद्या सांगितलं तर? नर्सबाईने सगळ्यांना बजावलं होतं, पहिले पंधरा दिवस नवी चप्पल रोज दोनच तास घालायची. म्हणजे आजच्या संध्याकाळचे दोन तास, गुणिले अडतीस. आपण गुणाकार करतोय हे तिच्या लक्षात आलं, आणि तिला स्वतःची लाज वाटली.

"दादा," ती म्हणाली, "त्यांचं बरोबर आहे. आपलं चुकलंय."

थेट हाक आल्यामुळे दादांनी सवयीने मुनीकडे पाहिलं. मुनीने खांदे उडवले.

तिने समजावायला सुरुवात केली, पण उलटसुलट सांगताना जीभ अडखळायला लागली. मग तिने ते सोडून दिलं. टेबलावरून एक कार्बन घेतला, शाई वर करून जमिनीवर ठेवला, त्यावर कोरा कागद. "अहो, डावी चप्पल काढा. उभे राहा यावर." मुनी उभा राहिला. तिने कागद उचलून उलटा केला आणि काही न बोलता दादांच्या पुढ्यात ठेवला. दादांचा हात आपोआप लाल पेन्सिलीकडे गेला. उजवा, असं लिहायला टोक कागदाला टेकलं, आणि तिथेच राहिलं.

मुनी एका पायावर उभा होता. चप्पल घालावी की नाही हे त्याला कळेना.

सगळ्यांत आधी जाऊबाई बोलल्या. त्यांचा आवाज हळू होता म्हणून जास्त लागला. त्या म्हणाल्या की अडतीस घरांना फोन त्यांनी केले होते, निश्चिंत राहा असं त्यांच्या तोंडाने सांगितलं होतं. मग मधलीकडे न पाहता म्हणाल्या, "नऊ कागद भिंगाखाली बघितलेस. कुठला पाय ते नाही बघितलंस?"

"नाही बघितलं. माझाच पाय होता. कुठला ते मला माहीत होतं."

नर्सबाई फिस्सकन हसली आणि लगेच तोंडावर हात ठेवला. पण त्याने कोंडी फुटली. जाऊबाईंनी खुर्ची मागे सारली आणि खिडकीशी जाऊन उभ्या राहिल्या. मधलीला वाटलं, आता दादा म्हणतील: मी सांगितलं होतं. त्यांना तो हक्क होता. ती वाट पाहत राहिली.

दादांनी लाल पेन्सिल खिशात ठेवली. मग बोलले, आणि मुनीकडे वळले नाहीत. "कागद तुझा उलटा आला, हे खरं. पण शहात्तर वेळा लोकांनी मला लिहून सांगितलं आणि शहात्तर वेळा मी खोडलं. एकदाही वाटलं नाही, विचारावं एखाद्याला. बाबांचा नियम होता, पण बाबा समोर पाय असताना तो वापरायचे." ते जरा थांबले. "तू आत्ता बोलली नसतीस, तर उद्या सोळा गेले असते."

नर्सबाईने तोवर पाय खाली घेतले होते आणि ती यादी मागत होती. आधी सगळ्यांना चप्पल काढायला सांगायचं, मग बाकीचं. फोन तीन होते. एक तिने घेतला, एक मधलीने, आणि तिसरा जाऊबाईंनी खिडकीशी उभ्या उभ्याच उचलला. त्यांना कुणी सांगितलं नव्हतं.

नर्सबाईने विचारायचे प्रश्न ठरवून दिले. त्या माणसाला काही जाणवतं का ते विचारायचंच नाही. घरातल्या दुसऱ्या कुणाला तरी फोन द्यायला सांगायचा आणि त्याला म्हणायचं, हाताची उलटी बाजू दोन्ही तळपायांना लावून बघ. एखादी जागा दुसऱ्या पायापेक्षा गरम लागते का. कातडी फुटायच्या आधी ती तापते. तासाभरात सगळी अडतीस घरं झाली. कुठेही नवी जखम नव्हती. दोन तासांच्या नियमाने लाज राखली होती. चौघांना गरम जागा सापडली. चौघांच्याही जखमेच्याच पायाला.

या सगळ्या वेळात दादा तयार सोळा जोडांतला एक खोक्यातून काढून बसले होते. सुखतळे ते कधी चिकटवत नसत. दोन महिन्यांनी बदलावे लागतात म्हणून चपलेच्या उंच काठात नुसते दाबून बसवत. त्यांनी उजव्या चपलेतला सुखतळा ओढून काढला. डोळे मिटले. अंगठ्याने चकती चाचपली. मग तो पालथा केला, आणि डाव्या चपलेत ठेवला.

तो बसला. कडेला कड लागली. चकती डाव्या अंगठ्याखाली, जिथे हवी होती बरोबर तिथे.

"अगं," ते म्हणाले, "इकडे ये. हे बघ."

मधलीने पाहिलं. रबर दोन्ही अंगांनी सारखंच, भोक आरपार. उलटा कागद वाचून कापलेली वस्तू पुन्हा उलटी केली की सरळ होते. तिने तीन वेळा काढून घालून पाहिलं, कारण एकदा पाहिलेल्यावर तिचा विश्वास नसे, आणि तिसऱ्या वेळी तिचे डोळे भरून आले. दादा दुसरीकडे पाहू लागले. ज्या तिघांचे दोन पाय लहानमोठे होते त्यांना नवे जोड करावे लागणार होते, हे तिने लगेच सांगितलं. दादा म्हणाले, "तिघांचं मी बघतो."

म्हणजे आता पुन्हा सगळे फोन. जाऊबाईंनी यादी पुढे ओढली आणि पहिला नंबर लावून फोन दादांच्या हातात दिला. "तुमच्या हाताचं काम आहे, तुम्हीच सांगा," त्या म्हणाल्या. मग मधलीच्या पुढ्यात पाण्याचा तांब्या ठेवून गेल्या. ठेवताना जरा आदळला, पण ठेवला.

पहिला नंबर पलीकडच्या एका शिंपीणबाईंचा होता. चाळीस वर्षं पायाने मशीन चालवलेल्या आणि गेली सहा वर्षं पायाखाली मशीन आहे की जमीन, हे न कळणाऱ्या. त्यांच्या सुनेला डाव्या अंगठ्याखाली गरम जागा सापडली होती. दादांनी आधी माफी मागितली. फोनवरून माफी मागायची त्यांना सवय नव्हती. ते खुर्चीवरून अर्धे उठले.

शिंपीणबाईंचा आवाज टेबलाभर ऐकू येत होता. "मी डावा म्हणून लिहिलं होतं. ठळक लिहिलं होतं. तुमच्याकडे वाचत नाही का कुणी?"

"आजपासून वाचणार," दादा म्हणाले.

मग त्यांनी सुखतळे बदलायला सांगितले. पालथा करा, दुसऱ्या पायात घाला, आता सुनेला सांगा, बोट आत घालून चकती शोधायची, चकतीच्या कडेला उंचवटा लागतो का. पलीकडे थोडी कुजबुज झाली. मग शिंपीणबाईच बोलल्या. सुनेला काही कळत नव्हतं म्हणून त्यांनी स्वतः हात घातला होता. पाय गेले असले तरी बोटं शाबूत होती, चाळीस वर्षांची. मागच्या अंगाला कड जरा उंच आहे, त्या म्हणाल्या, दोऱ्याइतकी. कात्रीने उतरवू का?

दोऱ्याइतकी कड आपल्याला स्वतःला तरी कळली असती का, असा विचार दादांच्या चेहऱ्यावर मधलीला स्पष्ट दिसला. तिने सूचनांचं पान उलटं करून त्याच्या कोऱ्या बाजूला पटकन एक ओळ लिहिली आणि त्यांच्यापुढे सरकवली. दादांनी ती वाचली, तिच्याकडे पाहिलं आणि फोनमध्ये विचारलं, "बाई, तुमच्या आसपास आपले आणखी बारा जण आहेत. त्यांच्या चपला तुम्ही तपासाल का? आम्ही सुखतळे कच्चे पाठवू. शेवटचं बसवायचं काम तिथे, तुमच्या हातून."

पलीकडे मशीनचं चाक फिरवल्याचा आवाज आला. त्या विचार करत असाव्यात.

"माझ्या पायाला तुम्ही तीन वेळा हात लावलाय," शिंपीणबाई म्हणाल्या. "तुम्ही काय करता ते मला दिसत नाही, जाणवत पण नाही. फोनवर कसं शिकणार? इकडे या. पाय माझाच घ्या, आणि शिकवा."

तीस वर्षांत माणसं कारखान्यात आली होती, कारखाना कुणाकडे गेला नव्हता. गेले सत्तर दिवस हा प्रश्न या ना त्या रूपाने टेबलावर येई आणि दादा तो बाजूला सारत: हत्यारं नेता येत नाहीत, उजेड कसा असेल कोण जाणे, खुर्चीची उंची वेगळी असते. सगळे त्यांच्याकडे बघत राहिले. मुनीची अजूनही एकच चप्पल पायात होती.

दादांनी फोनवर हात ठेवला आणि मधलीला विचारलं, "उद्याची होडी कितीची?"

"सव्वासातची," ती म्हणाली. "पण सोळा जोडांचे सुखतळे त्याआधी पालथे करावे लागतील."

"सात वाजता निघू म्हणजे," दादा म्हणाले. "कागद तू घे. मी हत्यारं घेतो."

जाऊबाईंनी दाराशी रचलेली खोकी ओढून टेबलाकडे आणली, पहिलं उघडलं आणि मधलीसाठी दादांच्या शेजारची खुर्ची मोकळी केली. ती बसली. पाचही जण कामाला लागले. उजवा काढायचा, पालथा करायचा, डाव्यात घालायचा. मुनी प्रत्येक जोड हातात घेऊन म्हणे, "बरोबर," आणि सोळा जोड होईपर्यंत त्याचं वर्षभराचं बोलणं त्याच दुपारी झालं.